अस्वलाच्या पोटाखालची सावली

रंगारीण वायरीवर चिकटपट्टीचा आणखी एक वेढा देत होती, तेवढ्यात चित्रकार मागे येऊन उभे राहिले.

"किती गुंडाळशील? वायरीपेक्षा पट्टी जाड झाली."

"चालतेय ना? मग झालं तर."

"चालतेय कुठली, रांगतेय. पेन पुढे जाऊन पोचतं आणि रेघ मागून धापा टाकत येते. उद्या नवी आणायची. पुरे झाले हिचे लाड."

रंगारणीने पट्टीचं टोक अंगठ्याने दाबलं आणि गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ दाबून धरलं.

"मी आणते की. तुम्ही कशाला पायपीट करता?"

"चप्पल पायात घालून बघितल्याशिवाय घेतो का आपण? पाटीचंही तसंच. दोन रेघा ओढून बघायला नकोत?"

ती नुसतं "बघू" म्हणाली आणि कात्री जागेवर ठेवायला उठली.

पाटी म्हणजे संगणकाला जोडलेला ड्रॉइंग टॅब्लेट. घरात आला त्या दिवशी चित्रकार त्याला पाटी म्हणाले आणि तेच नाव चिकटलं. आता पाटीचं मधलं अंग पेन घासून घासून गुळगुळीत झालं होतं, कोपऱ्यातली अक्षरं कधीच पुसली गेली होती आणि वायर मानेपाशी मोडत आली होती. वायरीचा दोष नव्हता. सकाळी चित्रकार पाटीवर रेघा काढत. जेवण झाल्यावर ते आडवे झाले की रंगारीण तीच पाटी उलट फिरवून रंग भरायला बसे. ती डावखुरी. बटणं दुसऱ्या बाजूला यावीत म्हणून पाटी फिरवायची, संध्याकाळी पुन्हा सरळ करून ठेवायची. इतकी वर्षं रोज मान मुरगाळली तर वायरच काय, माणूसही मोडेल.

दोघं मिळून मुलांची चित्रांची पुस्तकं करत. एक लठ्ठ, आळशी अस्वल होतं, त्याच्यावर घर चालत होतं. रेघ त्यांची, रंग तिचे, ही वाटणी लग्नाच्या पहिल्या वर्षी ठरली आणि मग कुणी तिला हात लावला नाही. सुरुवातीला तिचा रंग अस्वलाच्या पाठीवरून आभाळात सांडायचा, तेव्हा ते डोळे मोठे करून म्हणायचे, "रेघ म्हणजे कुंपण, रंगारीणबाई. बाहेर जायचं नाही." तिचं रंगारीण हे नाव तेव्हापासूनचं. संगणक आल्यावर तर त्यांना आयतंच साधन मिळालं. संगणकात चित्राचे थर असतात, खाली रंगाचा, वर रेघेचा. चित्रकार रेघेच्या थराला कुलूप लावूनच चित्र तिच्या स्वाधीन करत. कुलूप काढणं एका टिचकीचं काम होतं, पण तिने ते कधी काढलं नव्हतं. आणि रंगवून झालेलं पान ते बघत नसत. पुस्तक छापून हातात आलं की खिडकीपाशी बसून एकदाच काय ते बघायचं. हा त्यांचा हट्ट म्हणा, लहर म्हणा.

मग त्यांचा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, हा कंप आहे, गोळ्यांनी थोडा आवरेल, पण वाढत जाणार. बाहेर पडल्यावर चित्रकार हसले होते.

"चहा सांडला तर सांडू दे. पेन हातात आलं की हा गुमान बसतो, बघ तू."

ते खरं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी दुपारी रंगारणीने त्यांचं पान उघडलं आणि अस्वलाच्या नाकाची रेघ पाहिली, तेव्हाच तिला कळलं की हे खरं नाही. ते खरं असावं असं तिला फार वाटलं. त्या घरात दुसरं काही नाही टिकलं तरी एवढं एक वाक्य टिकायला हवं, असं वाटलं. तिने संगणकात रेघ सावरायची जी सोय असते ती हळूच वाढवून ठेवली. हात कितीही हलला तरी रेघ सरळ येऊ लागली. फक्त सावरून घ्यायला रेघेला वेळ लागायचा, म्हणून ती पेनामागून यायची. चित्रकारांनी सगळं खापर पाटीवर फोडलं. उपाय हिने केला आणि म्हातारी ठरली पाटी.

पुढे तेवढ्याने भागेना. मग एका दुपारी, आतल्या खोलीतून त्यांच्या घोरण्याचा आवाज येत असताना, तिने कुलूप काढलं. जिथे रेघ डगमगली होती तिथे ती पुसून आपल्या हाताने नवी काढली. पुन्हा कुलूप लावून टाकलं. ही चोरीच होती, पण आयुष्यात कुठलं काम तिने इतकं जीव लावून केलं नव्हतं. चहाचा कप ती अर्धाच भरायला लागली. ते अर्धा कप चहा पीत आणि काही बोलत नसत. मध्यंतरी अस्वल नदीवर जातं ते पुस्तक छापून आलं. चित्रकारांनी ते खिडकीशी बसून पाहिलं, एका पानावर बराच वेळ थांबले, "छान झालंय" म्हणाले आणि फडताळात ठेवून दिलं. तिचा जीव भांड्यात पडला.

आणि आता हे नव्या पाटीचं संकट. दुकानातल्या संगणकावर ती सोय बंद असणार. चित्रकार पेन उचलणार, रेघ ओढणार, आणि सगळ्यांच्या देखत त्यांना आपला हात दिसणार.

तिने स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडला आणि दुकानात फोन लावला.

"उद्या आम्ही येतोय. तुमच्या संगणकावर ते रेघ सावरायचं असतं ना, ते पार वर नेऊन ठेवाल का? आणि त्यांना कळता कामा नये हं."

"ठेवते, काकू," पलीकडून दुकानवाली म्हणाली. तिने पुढे काही विचारलं नाही.

दुकान अरुंद आणि लांबलचक होतं. पार मागे छपाईचं यंत्र कुरकुरत होतं. दुकानवाली चष्मा गळ्यात अडकवून पुढे आली आणि रंगारणीकडे बघून तिने किंचित मान हलवली. काम झालं होतं. टेबलावर तीन टॅब्लेट मांडलेले होते.

"हा बघा काका, याला पडदाच आहे. थेट चित्रावरच काढायचं."

"म्हणजे चित्राच्या आड माझाच हात. नको. हात बघायला नाही आलो मी."

रंगारणीने पर्सचा बंद घट्ट धरला.

दुसरा मोठा होता, बिनपडद्याचा. चित्रकार खुर्ची ओढून बसले, पेन उचललं, जरा वजन घेतलं. मग नाकापासून सुरुवात करून कपाळ, मान, पाठ असं करत शेपटीपर्यंत अस्वल एका दमात ओढलं. रेघ मागून आली, पण आली ती लोण्यासारखी.

"झकास आली की!" रंगारीण म्हणाली. ती जरा जास्तच चटकन म्हणाली.

चित्रकार अस्वलाकडे बघत राहिले. मग दुकानवालीला म्हणाले, "ते सावरणारं बंद करा."

दुकानवालीने रंगारणीकडे पाहिलं.

"तिच्याकडे नका बघू. ती नाहीच म्हणणार. बंद करा."

रंगारणीने काहीतरी बोलायला हवं होतं, उशीर होतोय, डोकं दुखतंय, काहीही. तोवर दुकानवालीने वाकून सोय बंद केली आणि बाजूला झाली.

चित्रकारांनी आधीचं अस्वल पुसलं. पुन्हा नाकापासून सुरुवात केली. आता रेघ पेनाच्या जोडीने येत होती, कुठेही मागे राहत नव्हती. नाकाला दाते पडले. कपाळ विस्कटलं. पाठीवर पोचेपर्यंत अस्वलाला हुडहुडी भरली होती. ते थांबले नाहीत. शेपटीपर्यंत गेले आणि मगच पेन उचललं.

ते पुढे झुकून आपली रेघ न्याहाळत होते, पुष्कळ दिवसांनी कुणी दारात यावं आणि आपण चेहरा ओळखत राहावं, तसे.

"बऱ्याच दिवसांनी भेटली," ते म्हणाले. "थकलीय."

पेन त्याच्या खाचेत ठेवायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला. रंगारीण मदतीला पुढे झाली आणि तशीच थांबली.

"हा मोठा नको. तो धाकटा द्या, शेवटचा," ते दुकानवालीला म्हणाले.

"बरं. लगेच मांडणी करून देते, म्हणजे घरी खटपट नको. उजव्या हाताची ना?"

"डाव्या."

"अहो, उजव्या," रंगारीण म्हणाली.

"डाव्या हाताची," त्यांनी शांतपणे पुन्हा सांगितलं. "बटणं उजवीकडे येऊ द्या. एकदाच काय ती लावून टाका. आता रोज फिरवायची नाहीये."

दुकानवालीने मांडणी केली आणि मग खोकं आणायच्या निमित्ताने ती आत गेली. चांगली बाई होती, लवकर परत आली नाही. चित्रकार टेबलाला धरून उठले आणि त्यांनी खुर्ची रंगारणीकडे सरकवली.

"बस."

"मी रेघ नाही काढत."

"मग वर्षभर दुपारी काय करत होतीस?"

ती बसली.

"कधी कळलं?"

"नदीचं पुस्तक आलं तेव्हा. अस्वल काठावर उभं आहे आणि त्याच्या पोटाखालच्या सावलीच्या रेघा सगळ्या उलट्या कललेल्या. मी जन्मात तशा ओढल्या नाहीत. या हाताला त्या जमतच नाहीत."

तिला ते पान आठवलं. सावली तिने एका दमात काढली होती आणि तिच्या मनात काही आलंही नव्हतं. डावा हात जसा जातो तसा गेला होता.

"मग पाटी रांगते म्हणून रोज कटकट कसली करत होतात?"

"कुणावर तरी ढकलायला नको?"

"मला बोलला का नाहीत?"

चित्रकारांनी आपला उजवा हात खिशात घातला. तो तिथेही स्वस्थ नव्हता, कापडावरून दिसत होतं.

"तू इतकी मन लावून बसायचीस," ते म्हणाले. "आणि मला आणखी थोडे दिवस हवे होते गं."

रंगारणीने डोळे पुसले नाहीत. पुसायला हात लागले असते, आणि डाव्या हातात त्यांनी आता पेन देऊन ठेवलं होतं. तिने धाकट्या पाटीवर टोक टेकवलं. पाटी कोरी होती, खरखरीत होती, मध्ये कुठेही गुळगुळीत झालेली नव्हती. तिने अस्वलाचं नाक काढलं, कपाळ काढलं. रेघ थोडी हलली.

"सावरणारं लावायला सांगू का?" चित्रकार म्हणाले.

"गप्प बसा."

पाठ झाली, शेपटी झाली. पोटाखाली आल्यावर ती थबकली.

"काढ. तुझ्या बाजूलाच कलू दे. अस्वलाला काही फरक पडत नाही."

"आणि रंग?" तिने पडद्यावरची नजर न काढता विचारलं. "रंग कोण भरणार?"

"मी आहे की," ते म्हणाले. "सकाळी तू, दुपारी मी. जुन्या पाटीला अजून एखादी पट्टी लावू."

तिने मान हलवली. सावलीची पहिली रेघ काढली, मग दुसरी. आतून खोकं घेऊन दुकानवाली येत होती. चित्रकार खाली वाकले आणि तिला एकटीला ऐकू येईल असं म्हणाले,

"फक्त कुंपणाबाहेर गेलो तर ओरडू नकोस हं."