कै. मोतीराम यांचा काळा मसाला

"मनोज, हे नावाआधी काय छापलंय रे?"

पुढची बाजू: कै. मोतीराम यांचा काळा मसाला. गोलात फोटो, गळ्यात झेंडूचा हार.

मोतीरामने पाकीट लांब धरून वाचलं, मग नाकाशी आणून वाचलं. दोन्हीकडून तो मेलेलाच होता.

मनोजने बापाच्या हातातून पाकीट हिसकावलं आणि कॉलेज रोडच्या वेदिकाला फोन लावला. पाकीट, पाटी, पिशवी, टेम्पो, सगळ्यांवर एकच रंग, एकच अक्षर आणि एकच चेहरा आणायचं काम त्याने तिला दिलं होतं. फोटो गल्लीतल्या मंडळाच्या सत्काराचा होता. तिने हार पाहिला आणि काय ते समजून घेतलं.

"बदलून घे," मोतीराम म्हणाला.

"घेतो ना, नाना. एवढा लॉट संपू द्या."

लॉट संपला. आजवर कुठलाच इतक्या लवकर संपला नव्हता. मालेगावचा व्यापारी आला, त्याने फोटोला बोटं लावून कपाळाला लावली. "जुन्या माणसाची चव शे," म्हणाला आणि दुप्पट माल घेऊन गेला. ती चव मोतीरामने आदल्या दिवशी मागच्या खोलीत भाजली होती.

मागची बाजू: पॅकिंग फेब्रुवारी २००४. आमची कोठेही शाखा नाही.

दुसऱ्या लॉटवरही कै. तसंच राहिलं.

"लोकांच्या डोळ्यांत बसलंय, नाना. आता बदललं तर ओळख मोडेल. वेदिका म्हणते, सगळीकडे एकच पाहिजे."

"मंग मी?"

"तुम्ही आतच बसा. या वयात गल्ल्यावर कशाला त्रास?"

दिंडोरी नाक्यावर एका कांडप यंत्रावर मोतीरामने धंदा उभा केला होता. तीस वर्षं मिरची नाकात गेली, तरी दगडफूल जुनं की नवं, हे तो पोत्याबाहेरून सांगायचा. आता त्याने खुर्ची आत नेली.

पाटीवर कै. टेम्पोवर कै. पिशवीच्या दोन्ही अंगांना कै.

एकदा दारातून भागुबाईने त्याला पाहिलं. पहिल्या वर्षापासूनचं गिऱ्हाईक. ती किंचाळलीच.

"अगं बाई! मोतीरामभाऊ? मी तर पाकीट बघून रडले होते!"

"चुलते आहेत माझे," मनोज पटकन म्हणाला. "नानांसारखेच दिसतात."

भागुबाई मोतीरामच्या तोंडाकडे बघत राहिली. मनोजही.

"व्हय," मोतीराम म्हणाला. "मी धाकटा."

"नाकडोळे तेच हायेत," भागुबाई म्हणाली. "पण त्यांची गोष्टच निराळी होती. मापात कधी मारलं नाय त्यांनी. तुम्ही तसंच चालवा हो!"

"चालवतो," मोतीराम म्हणाला.

नवी पाटी, गंगापूर रोड: कै. मोतीराम यांचा काळा मसाला (शाखा).

दसऱ्याला दुकान उघडलं. फीत कुसाबाईने कापली. मोतीरामची बायको, म्हणून मान तिचा. पाटीखाली तिचा फोटो काढायचा होता, तो पुढच्या पाकिटाच्या मागच्या बाजूला यायचा होता. वेदिकाने कॅमेऱ्यातून पाहिलं, मनोजच्या कानात काहीतरी सांगितलं. मनोज आईपाशी आला.

"आई, फोटोपुरतं कुंकू पुसतेस? वर कै. आणि खाली कुंकू. लोक हसतील."

"तुझा बाप मेलाय का रं?" कुसाबाई कडाडली. "त्या दाराआड उभा हाय, नवी टोपी घालून! अहो, सांगा की याला!"

मोतीराम दाराआड होता खरा. एक पाऊल टाकलं असतं तर तो पाटीखाली आला असता. बाहेर रांग फुटपाथ सोडून रस्त्यावर गेली होती. त्याने मान वर करून पाटी पाहिली. त्याचं नाव एवढं मोठं कधी कुणी लिहिलं नव्हतं.

"पूस," तो आतूनच म्हणाला. "फोटोपुरतं."

कुसाबाई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने पदर ओठांनी ओला केला आणि कपाळ एकदा, दोनदा, रगडून पुसलं. कॅमेरा दोनदा चमकला.

वेदिका कॅमेऱ्याच्या मागच्या इवल्या पडद्यावर वाकली. "मधोमध पांढरा गोल दिसतोय."

एकेचाळीस वर्षं तिथे ऊन लागलं नव्हतं.

"राहू दे," वेदिका म्हणाली. "तो कॉम्प्युटरवर काढता येतो."