अमावस्येचं पाणी

केसरबाईच्या तोंडी लागायला गावात कुणी धजत नसे. त्या दुष्काळाच्या साली तर तोंडी लागायलासुद्धा माणूस उरलं नाही. दसरा झाला आणि ऊसतोडीच्या ट्रकांनी निम्मं गाव उचलून नेलं. मागं राहिलेल्यांत ज्यांच्या दावणीला जनावर होतं, ते एकेक करून सिरसाळ्याच्या अलीकडच्या चारा छावणीत गेले. केसरबाईची दोन्ही पोरं पुण्याकडं कंपनीत. रविवारी फोन करायची आणि पाऊस पडला का विचारायची, जसा काही म्हातारीनं पाऊस पदराच्या गाठीला बांधून ठेवलाय.

गेली नव्हती ती शेजारची बायनाबाई. रंडकी बाई, दोन म्हशी, बाकी पसारा नाही. दिवस कलला की ती केसरबाईच्या ओट्यावर येऊन बसायची. चहा पाणचट झालाय म्हणायची. केसरबाई म्हणायची, उद्यापासून येऊ नको. आणि दुसऱ्या दिवशी तीच वेळ झाली की दोघींपुरतं आधण ठेवायची.

"आक्का, म्या बी जाते बगा छावणीत," एका संध्याकाळी बायनाबाई म्हणाली. "म्हशीच्या बरगड्या वर आल्यात. बगवत न्हाई."

"जा की. तुला कुणी दाव्यानं बांधलंय?"

केसरबाई एवढंच बोलली. 'राहा' म्हणायची तिच्या जिभेला सवयच नव्हती. पण दुसऱ्या दिवशी ती संस्थेत गेली ती मनाशी एक गोष्ट धरूनच.

संस्था म्हणजे बायकांची सहकारी दूध संस्था, आणि केसरबाई तिची चेअरमन. शाळा म्हणाल तर सहीपुरती. आसपासच्या वस्त्यांवरचं दूध अजून संस्थेत येत होतं आणि संस्थेची बोअरही अजून जिवंत होती. त्या पाण्यानं रोज कॅन आणि दूध थंड करायची टाकी धुवायची, आणि ते पांढरं, आंबूस वासाचं धुवण हौदातून नाल्यात सोडून द्यायचं. तेच पाणी निवळून मागच्या पडीक तुकड्यात लसूणघास लावला, तर चार घरची जनावरं गावात टिकतील, असं केसरबाईनं सभेत सांगितलं. चार घरं सभेपुरती. तिच्या डोळ्यापुढं दोनच म्हशी होत्या.

दूध संघाकडून राधाकिशन नावाचा माणूस आला, दुसऱ्या जिल्ह्यातून नुकताच बदलून आलेला. हौदात वाकून बघितलं आणि म्हणाला, दुधाचं पाणी नुसतं ठेवून निवळत नाही, त्यात काहीतरी घालून घाण खाली बसवावी लागते.

"तुरटी," केसरबाई म्हणाली. "माझ्या सासूनं आडाचं गढूळ पाणी जन्मभर तुरटी फिरवून पाजलं. लई म्हातारी होऊन मेली, अन् पाण्यानं न्हाई मेली."

"तुरटी चालती, मावशी. पण ही पिवळी पावडर बी हाय. पोतं महाग, पण लागती कमी."

"हळदीवानी दिसती. पाणी काय नवरी हाय, हळद लावायला?"

बायका पदरात तोंड घालून हसल्या. राधाकिशनही हसला. "दोन्ही करून बघू की. कधी येऊ सांगा."

केसरबाईनं अमावस्या सांगितली. अमावस्येला त्या भागात कुणी दूध विकत नाही. त्या दिवसाचं दूध घरच्या लेकरांचं आणि देवाचं. म्हणजे संस्थेत काम नाही, बायका मोकळ्या, आणि केसरबाईला जिंकताना बघायला माणसं लागायची.

ठरल्या दिवशी संस्थेच्या ओट्यावर काचेचे ग्लास मांडले. राधाकिशननं हौदातलं, सकाळी कॅन विसळल्याचं पाणी भरलं. "रोजचंच पाणी हाय न्हवं?" त्यानं विचारलं.

"रोजचंच. तुमच्यासाठी काय पंचामृत आणणार?"

एका ग्लासात तुरटीची पूड, एकात पिवळी. ढवळून सगळ्या वाट बघत बसल्या. थोड्या वेळानं दोन्ही ग्लासांत कापसासारखे पुंजके जमले आणि हळूहळू तळाला गेले. वर पाणी आरशासारखं. राधाकिशननं दोन्ही ग्लास उजेडात धरून बघितले. फरक नाही. मग स्वस्त ते बरं, तुरटीच घ्या, असं तोच म्हणाला. जाताना पिवळ्या पावडरीची पुडी ठेवून गेला. केसरबाईनं ती कोनाड्यात टाकली, बायनाबाईकडं बघितलं आणि म्हणाली, "काय गं? आता जायचं का छावणीत?"

"घास उगवला तर कशाला जाऊ?" बायनाबाई म्हणाली.

तुरटीची पोती आली, घास पेरला, कोंबही वर आले. पण हौदातलं पाणी काही निवळेना. राधाकिशननं सांगितलेल्या मापानं तुरटी टाकली तर वर साय धरायची, खाली चोथा बसायचा आणि मधलं पाणी ताकासारखं पांढरंच. केसरबाईनं मूठभर वाढवली. मग ओंजळभर. पोतं बघता बघता रिकामं व्हायला लागलं. पाणी इतकं आंबट झालं की घासाची टोकं पिवळी पडून वळायला लागली.

"आक्का, त्या सायबाला बोलवा की," बायनाबाई म्हणाली.

"कावून? त्याला काय ठावं हाय?"

"मग तुमाला तरी काय ठावं हाय?"

असं केसरबाईला आजवर कुणी विचारलं नव्हतं. ती उठून आत गेली. त्या दिवशीचा चहा कपातच निवला.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी बायनाबाई ओट्यापुढं उभी राहिली. डोक्यावर गाठोडं, हातात दोन म्हशींचे कासरे. केसरबाई सुपात जवारी निवडत होती.

"येते मग, आक्का."

केसरबाईनं मान वर केली नाही. "म्हशींला रस्त्यानं पाणी पाज," ती म्हणाली. म्हशींच्या पायांचा आवाज वेशीपर्यंत गेला आणि मग तोही गेला. सुपातले खडे संपले तरी ती निवडतच होती.

त्यानंतर संध्याकाळ लई लांब व्हायला लागली. आधण दोघींपुरतंच ठेवलं जायचं, हाताला मोजमापच तेवढं ठाऊक. ओतून देणं तिच्या रक्तात नव्हतं, म्हणून दोन्ही कप तीच प्यायची. चहा पाणचट झालाय असं कुणी म्हणत नव्हतं. एकदा ती स्वतःच मोठ्यानं म्हणाली. आवाज ओट्यावरून जाऊन समोरच्या बंद दारावर आपटला, तेव्हा तिला आपलीच लाज वाटली.

पुन्हा अमावस्या आली. दूध येणार नव्हतं, तरी घरात बसून करायचं काय, म्हणून ती संस्थेत गेली. रिकामे कॅन विसळले, टाकी विसळली, सवयीनं हौदात तुरटी टाकली आणि सावलीला बसली. दुपारी उठून बघते तर हौदाचा तळ दिसत होता. तळाची फरशी, फरशीची चीर, सगळं.

केसरबाई हौदाच्या कडेला टेकली. आज दूध आलं नव्हतं. धुवणात दूध नव्हतं. आणि राधाकिशन आला होता, त्याही दिवशी आलं नव्हतं. तो बिचारा बाहेरचा, त्याला इथली अमावस्या काय ठाऊक. ठाऊक होती ती बायकांना, आणि बायका तर तिच्या हळदीच्या बोलण्यावर हसत बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दूध आलं, कॅन धुतले, आणि तिनं खरं रोजचं पाणी दोन ग्लासांत घेतलं. एकात तुरटी टाकली. दुसऱ्यात कोनाड्यातल्या पुडीतली पिवळी, अगदी चिमूट. ढवळलं आणि समोर बसली. तुरटीचा ग्लास पांढरा तो पांढराच राहिला. पिवळीच्या ग्लासात आधी धुकं फाटलं, मग पुंजके जड झाले, आणि शेवटी ग्लासातून पलीकडची भिंत दिसली. तुरटीच्या ग्लासात तिनं आणखी टाकली, आणखी टाकली, तेव्हा कुठं तो जरा हलला. केसरबाईला स्वतःचाच राग आला. बाजारात मिरची घेताना हीच बाई दुकानदाराला सुनवायची, की स्वस्त मिरची मूठभर लागते, मला ती चिमटीत काम करणारी दे. तिथं कळत होतं. इथं सासू आडवी आली.

तिनं राधाकिशनला फोन लावला. "सायेब, तुमी अमावस्येला कावून आलतात?"

"तुमीच बोलावलं होतं, मावशी."

"मी बोलावलं. तुमाला इचारता येत न्हवतं?" तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "पिवळी पाठवा. चूक माझी हाय. तुमी कुणाला सांगू नका, माझं मी सांगन."

आणि तिनं सांगितलंही, पुढच्या सभेत, उभं राहून. कुणी हसलं नाही. हसू फुटायला जेवढी माणसं लागतात, तेवढी आलीच नव्हती.

पिवळी आली. पाणी निवळलं. ते चांगलं पाणी लागलं तसा जळका घास बुडातून पुन्हा फुटला. पहिली कापणी केसरबाईनं एकटीनं केली. तिच्या दावणीला एक भाकड गाय, तिला कितीसा लागणार? तिनं भारा बांधला आणि सकाळी परळीला जाणाऱ्या दुधाच्या टेम्पोपाशी नेऊन ठेवला. टेम्पोवाला बंकट रोज छावणीवरूनच जायचा.

"बायनाबाईला दे. फुकट न्हाई म्हणावं, दोरी परत पायजे."

"अजून काय सांगू, आजी?"

"काय न्हाई." टेम्पो चालू झाला तशी ती दोन पावलं मागं गेली. "पाणी निवळलं म्हणावं."

दुसऱ्या दिवशी दोरी परत आली. नीट वेटोळं करून, वर बायनाबाईची गाठ मारलेली. ती म्हशीला मारायची तसली, दातांशिवाय न सुटणारी.

"येती म्हणाली का?" केसरबाईनं दोरीकडं बघत विचारलं.

"म्हशी अशक्त हायत, इतक्यात त्यांच्यानं चालवायचं न्हाई म्हणाली. अन् म्हणाली, छावणीतला चहा लई गोड असतो, पिववत न्हाई."

"तिला बोलाय येतं बरं," केसरबाई म्हणाली.

घरी येऊन तिनं ते वेटोळं खुंटीला अडकवलं. गाठ सोडली नाही. दुसऱ्या भाऱ्यासाठी आतून दुसरी दोरी काढली, आणि दिवस कलला तसं चुलीवर आधण ठेवलं, दोघींपुरतं.