किल्ली दिली

मी लंबकाचं घड्याळ बोलतोय. ‘बोलतंय’ म्हणायला हवं, ते मलाही कळतं. पण वर्गात व्याकरण सुरू व्हायच्या आधीच मला शाळेच्या भिंतीवरून उतरवलं, तेव्हा चालवून घ्या. शिक्षण म्हणाल तर बारापर्यंत आकडे. त्याच्या पुढचं सगळं मला संशयास्पद वाटतं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लाकूड एकीकडचं, काच दुसरीकडची, आणि पोटातली स्प्रिंग कुठली ते कारागिराने कधीच सांगितलं नाही. तेव्हापासून मला माझ्या पोटाचाच भरवसा नाही. त्याने माझ्या डोक्यावर एक पितळी किल्ली ठेवली आणि गिऱ्हाइकाला बजावलं, “दर आठवड्याला किल्ली द्यायची. नाहीतर हा गडी झोपतो.”

शाळेत मी तिसरीच्या वर्गात होतो. तिथे मी एकच खोडी केली, पण तीनदा केली. शेवटच्या तासाचा टोल दहा मिनिटं आधी दिला. पोरं दप्तरं उचलून पसार. पहिल्यांदा मुख्याध्यापकांनी शिपायाला झापलं, दुसऱ्यांदा मास्तरांना, आणि तिसऱ्यांदा माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी मी जुन्या सामानाच्या ढिगात होतो.

तिथून मला उचललं वजनकाटे तपासणाऱ्या निरीक्षकांनी. तेच माझे मालक, सगळे त्यांना काका म्हणतात. आयुष्यभर दुकानादुकानांतून तराजूखाली चिकटवलेली चिंच आणि चुंबक शोधून काढले, त्यामुळे माणसाचा संशय घेणं हा त्यांचा धंदाच. निवृत्त झाल्यावर दुकानं सुटली, सवय सुटली नाही. घरी साखरेची पुडी आली की पुन्हा जोखायचे. मलाही आणलं त्या दिवसापासून रेडिओशी ताडून पाहायचे. आमचं छान जमलं. दोघेही कुणावर विश्वास ठेवत नव्हतो.

काकांच्या घराला लागून एक खोली आहे. मधे दोघांचा मिळून एक व्हरांडा, आणि त्याच्या भिंतीवर मी. त्या खोलीत एक बाई भाड्याने राहायच्या. कवळ्या बनवायच्या. दवाखान्यातून माणसांच्या हिरड्यांचे ठसे यायचे आणि बाई गुलाबी मेणात एकेक दात बसवून वाळत ठेवायच्या. खिडकीतून पाहिलं की फळीवर नुसती हसू मांडलेली. माणसं नाहीत, हसू आहेत. अशा खोलीबद्दल मला संशय येणार नाही तर काय येईल?

त्यातून बाई स्वभावाने गोड. येता-जाता माझी काच पदराने पुसायच्या. विनाकारण कुणी काच पुसतं का, हे मी कितीतरी दिवस मनात घोळवत होतो.

एकदा काकांना गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे जावं लागलं. दोन-अडीच महिने तरी लागणार होते. घर सांभाळायला पुतण्या आला. काकांनी बाईंना बोलावलं.

“बाई, मी येईपर्यंत हे थांबता कामा नये. दर रविवारी किल्ली द्यायची.”

“देईन की काका.”

“आणि नोंद ठेवायची. तारीख, सही.”

“घड्याळाला किल्ली दिल्याची नोंद?”

“नोंद नाही म्हणजे काम झालं नाही. चिठ्ठी लिहून इथे फटीत खोचून ठेवा. आलो की तपासेन.”

“तपासा. दातही तपासून घ्या जाण्याआधी. खालची कवळी सैल झालीये, बोलताना नाचते.”

“दोन्ही कवळ्या करून ठेवा. आलो की नव्या बसवू. तोवर जुन्यांवर काढतो.”

बाईंनी शब्द पाळला. दर रविवारी न्याहारी उरकून स्टुलावर चढायच्या, किल्ली फिरवायच्या आणि चिठ्ठी लिहायच्या: ‘काका, किल्ली दिली. आता काळजी नाही.’ खाली तारीख आणि सही. चिठ्ठी माझ्या खालच्या फटीत खोचायच्या.

आता कबूल करतो. ती फट जरा मोठी आहे. लंबक हलला की मी थरथरतो, आणि फटीतला कागद सरकत सरकत माझ्या पोटात जातो. ठरवलं असतं तर थरथर कमी करता आली असती. पण मला मजा वाटत होती. काका येतील, फटीत बोट घालतील, काहीच मिळणार नाही, मग बाईंची आणि त्यांची जुंपेल, आणि मी वर टिकटिक करत बसेन. अशा नऊ चिठ्ठ्या मी गिळल्या. दहावी अर्धी बाहेर लोंबत होती.

त्या दहाव्या रविवारनंतर बाई चार दिवस बहिणीकडे गेल्या. बहिणीच्या पायाला प्लास्टर होतं. आणि पुतण्याने ती लोंबती चिठ्ठी उपटली.

त्याने ती एकदा वाचली. मग सावकाश वाचली. मग खोलीच्या दाराकडे पाहिलं. त्याला त्या खोलीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकायचं होतं, हे मी त्याच्या फोनवरच्या बोलण्यातून ऐकलं होतं. बाई परत आल्या तेव्हा त्यांच्या दाराला नवं कुलूप होतं.

“हे काय?”

“ताई, तुम्हीच खोली सोडली ना. लेखी दिलंय तुम्ही. किल्ली दिली, आता काळजी नाही. सहीसकट.”

“अहो, ती घड्याळाची.”

“कागदावर घड्याळ कुठेय?”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी चालत होतो, म्हणजे पुरावा टिकटिकत होता. पण पुढच्या रविवारी स्टुलावर कुणी चढलं नाही आणि मी झोपलो.

काका काठी टेकत परत आले तेव्हा मी बंद, खोलीला कुलूप आणि फटीत एकही चिठ्ठी नाही. त्यांनी तीनदा बोट फिरवून पाहिलं. पुतण्याने आपल्याकडची ती एकच चिठ्ठी दाखवून त्यांच्या कानात भरवलं, की बाई खोली सोडून गेल्या. प्रवासात त्यांच्या जुन्या कवळ्या हरवल्या होत्या आणि नव्या त्या कुलपाच्या आत फळीवर होत्या. बाईंनी फोन केला तर म्हणाले, “नोंद नाही.” बस्स. स्वतःच्या नियमात माणूस कसा अडकतो ते मी दोन्ही काटे रोखून पाहिलं, आणि पहिल्यांदाच मला मजा वाटली नाही.

बाईंनी भाडे न्यायाधिकरणाकडे अर्ज केला. हा शब्द मला अजून एका दमात म्हणता येत नाही, मधेच टोल पडतो. तिथे घर आणि ग्राहक, दोन्हींची भांडणं जातात. साध्या कागदावर लिहायचं, वकील नको, आपलं आपण बोलायचं. मला अर्थातच संशय आला. इतकं सोपं असेल तर आत काहीतरी लबाडी असणार.

पहिल्यांदा समेटाला बसवलं. पुतण्या सगळ्याला “हो, हो” म्हणाला आणि एकाही कागदावर सही केली नाही. मग सुनावणी लागली. त्याने सांगितलं, “ते घड्याळ तर काका गेले त्याच आठवड्यात बिघडून बंद पडलं. त्याला कोण कशाला किल्ली देईल?”

“घड्याळ हजर करा,” सुनावणी घेणाऱ्या अध्यक्षबाई म्हणाल्या.

मला आडवं करून, चादरीत गुंडाळून, रिक्षातून नेलं. या वयात. तिथे पुरावा म्हणून माझ्या पोटावर कागद चिकटवला: निशाणी सात. बाहेरच्या बाकावर माझ्यासारखे आणखी होते. धूर सोडणारा मिक्सर, तळ सुटलेला एकच डावा बूट, आणि एक पंखा, जो दुकानात फिरायचा आणि घरी नाही. सगळे आपापल्या माणसाच्या मांडीवर साक्षीला आलेले. बुटाने मला विचारलं, तू खरं बोलणार की खोटं. मी म्हटलं, कोण विचारतं त्यावर.

आत अध्यक्षबाई, त्यांच्या शेजारी एक अबोल सदस्य आणि लिहून घेणारा कारकून. काका उभे राहिले. दात नव्हते, त्यामुळे ‘स’ला ‘फ’ होत होता.

“बाई खोली फोडून गेल्या,” काका म्हणाले.

कारकुनाने मान वर केली. “भिंत फोडली की दार?”

“फोडून नाही, फोडून.”

“तेच लिहिलंय.”

“सोडून म्हणतायत ते,” बाई म्हणाल्या. “त्यांचे दात माझ्या खोलीत आहेत. अकरा जणांचे आहेत. तीन आठवडे अकरा माणसं नुसती पेज पितायत.”

“कुलूप काढून दात घेतले का नाहीत?” अध्यक्षबाईंनी काकांना विचारलं.

“पंचनामा झाल्याशिवाय उघडायचं नाही. नियम आहे.”

“कुणाचा?”

“माझा.”

अध्यक्षबाईंनी चष्मा पुसला. मग बाईंना म्हणाल्या, “तुम्ही म्हणता दर आठवड्याला चिठ्ठी लिहीत होतात. बाकीच्या कुठे?”

“फटीत ठेवायचे. कुणी काढल्या माहीत नाही.” बाईंनी पुतण्याकडे पाहिलं.

“मी एकच पाहिली,” पुतण्या म्हणाला. आयुष्यात तो एकदाच खरं बोलला आणि त्याच्यावर कुणाचा विश्वास बसला नाही.

“घड्याळ लावून बघा,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

कारकुनाने मला भिंतीला टेकवलं आणि किल्ली फिरवली. तीन आठवड्यांनी अंगात पीळ आला. काय सांगू, बरं वाटलं. लंबक हलला. माझ्या डोळ्यांपुढे दोन वाटा होत्या: निमूट चालावं आणि चिठ्ठ्या पोटात ठेवाव्यात, किंवा आयुष्यभराची खोडी एकदाची ओकून टाकावी. अध्यक्षबाईंवर माझा भरवसा नव्हता, कारकुनावर तर मुळीच नव्हता. पण बाई हातात माझी काच पुसायचा पदर घट्ट धरून उभ्या होत्या. खोली गेली तर त्यांचं राहणंही जाणार होतं आणि कामही.

रिक्षात आडवा झालो तेव्हा कागद वर सरकले होतेच. मी अंग थोडं तिरकं केलं. लंबक अडला. फस्स्.

“बघा, बिघडलेलंच आहे,” पुतण्या म्हणाला.

“बिघडलेलं नाही,” अबोल सदस्य पहिल्यांदाच बोलले. “आत कागद आहे.”

कारकुनाने माझं दार उघडलं, हात घातला, आणि एकेक करून नऊ चिठ्ठ्या काढून टेबलावर मांडल्या. मोठ्याने वाचल्या. काका, किल्ली दिली, आता काळजी नाही. काका, किल्ली दिली, आता काळजी नाही. नवव्या वेळेला सदस्यांनाच हसू आवरेना.

“पुतणेसाहेब,” अध्यक्षबाई म्हणाल्या, “तुमची एक धरून दहा. बाईंनी दहा आठवड्यांत दहा वेळा खोली सोडली का?”

पुतण्या “हो” म्हणाला, सवयीने. मग “नाही” म्हणाला.

काकांनी चिठ्ठ्या मागून घेतल्या. खिशातून लहान पंचांग काढून तारखा ताडल्या. सगळे रविवार. सही तपासली. पोट मोकळं झाल्यामुळे तोवर मी पुन्हा चालू झालो होतो.

“नोंद चोख आहे,” काका म्हणाले. मग बाईंकडे न पाहता, “तपाफायला मी चुकलो.”

“घड्याळाला बाईंनी किल्ली दिली,” अध्यक्षबाई कारकुनाला म्हणाल्या, “आणि काकांना पुतण्याने. हे लिहू नका. एवढंच लिहा: ताबा सोडल्याचा पुरावा नाही, खोली आजच्या आज परत द्यायची, कुलूप आपल्या माणसासमोर उघडायचं.”

संध्याकाळी कुलूप निघालं. कारकून पंचनाम्याला आला होता. फळीवरची धूळ फुंकून बाईंनी आधी काकांचे दात काढले, तासले, बसवले.

“बोला काही.”

“सोडून,” काका म्हणाले. दोनदा म्हणून पाहिलं. “सोडून.”

पुतण्या दुसऱ्या दिवशी गेला. मोठ्या बॅगेत काय नेलं ते काकांनी उघडून पाहिलंच.

आता मी पुन्हा व्हरांड्यात आहे. पोट रिकामं आहे. काकांनी फटीला आतून पट्टी ठोकली, म्हणजे त्यांचाही माझ्यावर विश्वास नाही, ते बरंच आहे. तुम्हालाही एक विनंती: कागदावर सही करताना किल्ली कशाची ते लिहीत चला, आणि मला वेळ विचारलीत तर दुसऱ्या एखाद्या घड्याळालाही विचारा.

बाई अजून दर रविवारी स्टुलावर चढतात. काच पुसतात. का पुसतात, ते मी अजून शोधतोय. चिठ्ठी आता फटीत खोचत नाहीत, गुलाबी मेणाने काचेवर चिकटवतात. या रविवारची माझ्या नाकासमोरच आहे, म्हणून वाचून दाखवतो:

‘काका, घड्याळाला किल्ली दिली. खोलीची नाही.’