डाव्या चाकाची चिरचिर

गिऱ्हाईक गॅरेजच्या दारात गाडी उभी करतं, काच खाली करतं, आणि मला, तीस वर्षं इथे हात काळे केलेल्या माणसाला, विचारतं, "ताई आहेत का?"

ताई म्हणजे माझी धाकटी बहीण. घरात छोटी. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. पाना कसा धरायचा ते हिला मी शिकवलं, आणि आता मी समोर उभा असलो तरी लोकांना दिसत नाही. पोटात दुखतं का? दुखतं. खोटं कशाला बोलू!

आमच्याकडे बापाने घालून दिलेली रीत आहे. गाडीची ट्रायल जो मारेल त्याने उतरल्या उतरल्या दोष कार्डावर लिहायचा, सही करायची, कार्ड गाडीतल्या आरशाला टांगायचं, आणि मगच गाडी खोलायची. अंदाजपंचे खोलाखोली करणाऱ्यांची बापाला भारी चीड होती. "आधी ऐका, मग हात लावा," म्हणायचा. एकदा लिहिलेलं खोडणं म्हणजे त्याच्या लेखी नापास होणं.

आणि ही बया! गेली दोन वर्षं बघतोय, मी काम संपवून ठेवलेली गाडी, मी जेवायला बसलो रे बसलो की ही घेऊन बाहेर. परत येऊन म्हणणार, "दादा, मागच्या चाकाला जराशी चिरचिर होती, बघून टाकलं मी." कसली चिरचिर? मी स्वतः ट्रायल मारलेली गाडी! गिऱ्हाइकापुढे शहाणपण मिरवायला ही मनाचे आवाज काढते, असं माझं ठाम मत झालं होतं. बायकोला तसं सांगितलंही. ती म्हणाली, "तुम्ही जळता तिच्यावर." त्या दिवशी मी बायकोशीही बोललो नाही.

तर गेल्या मंगळवारी शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई आल्या. जुनं गिऱ्हाईक.

"पुढच्या डाव्या चाकातून आवाज येतोय. ताई आहेत का?"

"ताई सामान आणायला गेल्यात. मी आहे ना. का मी चालत नाही?"

"अहो, तसं नाही मेस्त्री," बाई ओशाळल्या. "बघा ना तुम्हीच."

बाईंना शेजारी बसवून मी गाडी काढली. काचा खाली, रेडिओ बंद, वेग कमी. टायरची घरघर ऐकू येत होती, इंजिन तर एकदम छान चाललं होतं.

"हा बघा! आला!" बाई म्हणाल्या.

मी ऐकल्यासारखी मान हलवली. काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं.

"अगदी दात शिवशिवतात हो," बाईंनी तोंड वाकडं केलं.

आता "आवाजच नाही" म्हणावं, तर बाई म्हणणार, थांबते मी ताईंसाठी. तेवढं ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती. गाडी किती धावलीय ते बघता बेअरिंगच असणार, दुसरं काय असतंय! उतरलो आणि कार्डावर ठसठशीत अक्षरात लिहिलं : पुढचं डावं बेअरिंग. खाली सही. छोटी येईपर्यंत काम उरकून दाखवतो, म्हटलं. बाईंना खुर्ची दिली.

गाडी जॅकवर घेतली. एरवी चाक हलवून बघतो, हाताने फिरवून बघतो. त्या दिवशी रागात सरळ नटांनाच हात घातला. चाक काढलं, ब्रेकचा कॅलिपर उतरवला, आणि आतलं पॅड माझ्या हातात आलं.

झिजून पार पातळ झालेलं. पॅडच्या कडेला एक बारीक पत्री असते. पॅड संपत आलं की ती डिस्कला घासते आणि किंचाळते. मुद्दाम त्यासाठीच लावलेली असते, बहिऱ्यालाही कळावं म्हणून. ती पत्री घासून घासून आरशासारखी चकाकत होती.

डिस्क हाताने फिरवून बेअरिंग बघितलं. लोण्यासारखं फिरलं.

मी तिथेच स्टुलावर बसलो. ही पत्री ओरडते तेव्हा गल्लीतली कुत्री मान वर करतात. आणि मी शेजारी बसून मान हलवत होतो! छोटीच्या त्या सगळ्या चिरचिरी एकेक करून आठवायला लागल्या. म्हणजे त्या खऱ्या होत्या. मी जेवत असताना ती माझ्या गाड्या पुन्हा तपासत होती. मिरवायला नाही, निस्तरायला.

तेवढ्यात ती आलीच. हातातलं खोकं खाली ठेवलं, कार्ड वाचलं, पॅड बघितलं, माझ्याकडे बघितलं. एका क्षणात सगळं कळलं तिला. लगेच बाईंकडे वळून गोड आवाजात म्हणाली, "दादानं बरोबर ओळखलंय. बेअरिंग जरा साफ करतो, आणि आता खोललंच आहे तर पॅडही बदलून देतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चांगले कान हिच्याकडे, गिऱ्हाईक हिच्याकडे, आणि आता वर मोठं मनही हिच्याकडेच! माझ्यासाठी काही शिल्लक ठेवशील की नाही?

"काही ओळखलं नाही दादानं," मी म्हणालो. आवाज वाजवीपेक्षा मोठा निघाला. "बेअरिंग धडधाकट आहे. बाई, तुम्ही म्हणालात तो आवाज मला ऐकूच आला नव्हता. ठोकून दिलं मी." आणि आरशावरचं कार्ड काढून त्यावर उभी-आडवी रेघ मारली.

मला वाटलं, बाई उठतील, चिडतील. बाईंनी फक्त पर्स एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली.

"माहितीये मेस्त्री. ताईंनी केव्हाच सांगून ठेवलंय सगळ्यांना. म्हणाल्या, दादांना बारीक आवाज ऐकू येत नाहीत, त्यांच्याशी जरा मोठ्याने बोला, आणि त्यांना यातलं काही सांगू नका."

सगळ्यांना! मी छोटीकडे बघितलं. ती मान खाली घालून नव्या पॅडचं खोकं फोडत होती, ते काही केल्या फाटत नव्हतं.

"मला का नाही बोललीस?"

"तू मला गॅरेजमध्ये पाऊल टाकू दिलं असतंस का दादा, त्यानंतर?"

नसतं दिलं. तिला माहीत होतं, मलाही.

पॅड आम्ही दोघांनी मिळून बसवली. मग किल्ली तिच्यापुढे धरली. "ट्रायल तू मार. कार्ड तू लिही." आणि मी शेजारच्या सीटवर जाऊन बसलो.

कोपऱ्यापर्यंत जाऊन गाडी वळली, ब्रेक लागला, पुन्हा सुटला.

"आहे का काही?" मी विचारलं.

"काही नाही दादा. एकदम गप्प आहे."

माझ्याही कानाला गप्पच होती. पण तिचं 'गप्प' नीट ऐकून ठरलेलं होतं, आणि माझं नुसतं ऐकू न आल्यामुळे. खिडकीकडे तोंड करून बसलो मी, आणि खरं सांगतो, तेव्हाही तिच्यावर जळतच होतो.