पेट्रोलची नळी

सासऱ्यांनी काउंटरवरच्या दोन्ही नळ्या वाकवून पाहिल्या, नखाने दाबल्या आणि त्यांतली एक दुकानदारापुढे सरकवली.

“पेट्रोलला ही द्या. सोबत पितळी जोड आणि क्लॅम्प.”

दुकानदाराने शेजारी उभ्या सुनेकडे पाहिलं. सासऱ्यांनी निवडलेली नळी पाण्याची होती. पेट्रोलने तिचं रबर फुगतं, मऊ पडतं आणि तापलेल्या इंजिनावर गळती सुरू होते, हे तिला शिकवलं होतं ते सासऱ्यांनीच. आयुष्यभर गॅरेज चालवलेला माणूस. जुनी मोटार पुन्हा उभी करायची हा दोघांचा उद्योग. तिच्या नवऱ्याला त्यात रस नव्हता. “तो फक्त हॉर्न वाजवायला येईल,” असं सासरे म्हणायचे.

ते थट्टा करताहेत असं वाटून ती हसली. ते हसले नाहीत.

“दुसरीही द्या,” ती दुकानदाराला म्हणाली. “असू दे जादा.”

घरी आल्यावर सासऱ्यांनी बाह्या सरसावल्या आणि नळी स्वतः बसवली. हात पूर्वीसारखेच सफाईने चालले. क्लॅम्प आवळून झाल्यावर त्यांनी बॉनेटवर थाप मारली.

“कशी बसली?”

“मस्त,” ती म्हणाली. “जेवून घ्या आता. थोडं पडा.”

ते आत जाऊन झोपल्यावर तिने क्लॅम्प सैल केले, नळी बदलली, जोड पुन्हा घट्ट केले. काढलेली नळी जुन्या टायरांच्या मागे टाकली. मग बराच वेळ ती फडक्याने नुसतेच हात पुसत राहिली.

सासरे उठून आले तेव्हा ती पाने जागेवर लावत होती. सवयीने ते इंजिनावर वाकले. त्यांचं बोट नळीवरून पुढे गेलं आणि ‘फ्युएल’ या छापील अक्षरांवर थांबलं. त्यांनी चष्मा वर केला, वाचलं, पुन्हा वाचलं.

तिने पाना खाली ठेवला.

“पहिली कुठाय?”

“टाकली.”

“मी बसवलेली?”

“हो, बाबा.”

ते स्टुलावर बसले. हातातला चष्मा सदऱ्याच्या टोकाने पुसला, पण डोळ्यांवर चढवला नाही.

“ब्रेकच्या नळ्या राहिल्यात अजून,” ते म्हणाले. “उद्या जाऊन आण.”

“तुम्ही नाही येणार?”

“येईन की. पण काउंटरवर तू बोल.”