वरची जागा

“या वेळी शेजारी नको, मास्तर. वर घ्या त्याला,” असं म्हणून सेवेरा बाकावर बसली.

माझ्या हातातला डाव हातातच राहिला. मी चौकात नवऱ्याच्या कॅमेऱ्याशेजारी जांभळ्या मक्याची गरम पेज विकते. ‘वर घ्या’ म्हणजे काय, हे आमच्या कोचाबांबात शेंबड्या पोरालाही कळतं. परदेशी गेलेलं माणूस फोटोत शेजारी बसवायचं आणि मेलेलं वर, ढगात. माझ्या कासिमिरोने तीन पायांच्या त्या लाकडी पेटीतून जन्मभर हेच केलं. एकाच कागदावर दोनदा उजेड पाडायचा, आधी एकाचा, मग दुसऱ्याचा.

सेवेराचा मुलगा रुफिनो ब्युनोस आयर्सला शिवणकामाच्या कारखान्यात गेला तो गेलाच. ना पत्र, ना फोन. दर वर्षी ती त्याचा लष्करातला छोटा फोटो घेऊन यायची आणि कासिमिरो मायलेकरांना खांद्याला खांदा लावून बसवायचा.

“काही कळलं का गं?” मी विचारलं.

“काय कळायचंय! सून म्हणते, आई, वाट तरी किती बघायची? पाद्रीबाबांचंही तेच. परवा सर्व संतांचा सण. मेलेली माणसं जेवायला येतात. टेबलावर फोटो नसला तर पोरगं दारातून उपाशी परत जाईल म्हणतात.”

“आणि जिवंत असला तर?”

“तेच तर, इलारिया! जिवंत माणसाचं पान मेलेल्यांच्या टेबलावर मांडलं, तर आईनेच मारलं की त्याला.”

तिने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. आमच्याकडच्या बायका टोपीशिवाय चौकात दिसायच्या नाहीत. तिचे पांढरेशुभ्र केस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

कासिमिरोने तिचा फोटो काढला, रुफिनोच्या फोटोचा फोटो काढला. दोन्ही उलटे कागद बादलीत धुतले. उलटे म्हणजे काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं दिसणारे. मग ते एकामागून एक पेटीसमोर लावून, आत एकदा ढगाच्या आकाराचं भोक पाडलेला पुठ्ठा, एकदा नुसता पुठ्ठ्याचा ढग सरकवून त्याने पक्का फोटो काढला. पेटीच्या काळ्या बाहीतून त्याचा हात बाहेर आला, ओला कागद सेवेराच्या हातात पडला. मी तिच्या खांद्यावरून डोकावले.

खाली रुफिनो, इस्त्रीचा लष्करी शर्ट, बाहेर आलेले कान. आणि वर, ढगात, सेवेरा!

“अरे म्हाताऱ्या, डोळे काय गहाण टाकलेस? बाईला जिवंतपणी स्वर्गात धाडलंस की!” मी ओरडले.

तो पेटीला धरून उभा राहिला. उलट्या कागदावर म्हातारीचे पांढरे केस काळेभोर येतात आणि तरण्या पोराचे पिकलेले. एरवी टोपीवरून तो तिला ओळखायचा. आज टोपी नव्हती, डोळे अधू झालेले, आणि त्याने काळ्या केसांचा तो रुफिनो असं धरलं. त्याने मुद्दाम केलं असं चौकातले लोक अजून म्हणतात. कसलं मुद्दाम! त्यानंतर कितीतरी दिवस तो नीट जेवला नाही.

“चुकलो, बाई. द्या तो इकडे, दुसरा काढतो,” त्याने हात पुढे केला.

सेवेराने फोटो छातीशी ओढला. आधी ती हसली, सोन्याचा दात दिसेपर्यंत हसली. मग तिथेच बाकावर हुंदके देऊन रडली. मी पेजेचा पेला पुढे केला, तर तिने तो बाजूला सारला.

“दुसरा नको, मास्तर. हाच बरोबर आहे. आधी आई जाते, मग लेकरू. जगाची रीतच आहे ती.”

“आणि सुनेला काय सांगशील?”

“तिला म्हणेन, तू खुशाल दुसरं लग्न कर, पोरी, तुझं वय आहे. पण मेलेल्यांच्या टेबलावर पान मांडायचंच असेल, तर माझं मांडा.” तिने डोळे पुसले आणि टोपी चढवली.

सणाच्या दिवशी मी तिच्याकडे गेले. मेलेल्यांचं टेबल सजलं होतं. पावाच्या बाहुल्या, उसाची कांडकी, मेणबत्त्या आणि मध्ये तिच्या नवऱ्याचा फोटो. फक्त त्याचाच. सून मुकाट्याने पाव वाटत होती.

ढगातली सेवेरा आत, स्वयंपाकघराच्या भिंतीवर होती. खाली रोजच्या जेवणाच्या टेबलावर एक ताट पालथं घातलेलं होतं, रुफिनोचं. सेवेराने ते उचललं, एप्रनला पुसलं आणि धूळ बसू नये म्हणून पुन्हा पालथं ठेवलं.