सर कुठले?

लेखाच्या पहिल्या वाक्यातलं नदीपलीकडच्या देशाचं नाव उपसंपादिकेने खोडलं, अलीकडच्याचं घातलं आणि ‘जतन करा’ दाबलं. चहाचा कप ओठांपर्यंत जायच्या आत पलीकडचा देश परत आला होता.

“टपूनच बसलाय मेला,” ती पुटपुटली.

समोर मटार सोलत बसलेल्या आईने मान वर केली नाही.

“कोण, चौथा कोन?”

ऑनलाइन ज्ञानकोशात हे टोपणनाव घेऊन लिहिणारा माणूस आता घरातलाच झाला होता. वडिलांवरचा लेख त्यानेच लिहायला घेतला, वडील गेले त्या वर्षी. त्यातली गणितं चोख मांडलेली आहेत, हे उपसंपादिकेलाही मान्य होतं. भांडण होतं ते फक्त पहिल्या वाक्यावर: कोणत्या देशाचे गणितज्ञ? वडील जन्मले नदीपलीकडे, त्यांनी शिकवलं आयुष्यभर अलीकडे, आणि इथलं नागरिकत्व घ्यायचं मात्र दर वर्षी पुढच्या वर्षावर ढकललं. चौथा कोन म्हणायचा, कायद्याने ते तिकडचेच. ती म्हणायची, माणूस कायद्यात राहत नाही, घरात राहतो.

शाळेत तिला ‘तिकडची’ म्हणत. कुठल्याही भांडणात सगळं बोलून संपलं की तो शब्द यायचा. एकदा घरी येऊन तिने वडिलांना विचारलं होतं, आपण कुठले? हाताचा खडू झटकत ते म्हणाले होते, प्रश्न नीट मांडलेला नाही. आता पन्नाशी उलटली तरी तिला त्याचं उत्तर हवं होतं, आणि तेही छापील.

तिच्याकडे हुकमाचा पत्ता एकच होता. एका बंद पडलेल्या मासिकातली वडिलांची मुलाखत. सरांना कुठले समजायचं, असं वार्ताहराने त्यांच्या पत्नीला विचारलं होतं आणि खाली उत्तर होतं: ‘इकडचेच.’ ज्ञानकोशाला छापील संदर्भ लागतो, हा छापील होता. आज मात्र चौथ्या कोनाने लेखाला जोडलेल्या चर्चापानावर वेगळ्याच सुरात लिहिलं होतं. उत्तर फार तुटक वाटतं, बाई हयात असतील तर त्यांनाच एकदा विचाराल का, तुम्ही सांगाल ते मी मान्य करीन.

म्हणजे जिंकल्यातच जमा. निव्वळ उपचार म्हणून तिने आईला ते वाचून दाखवलं.

आईचा हात थांबला.

“असं छापलंय? मी कुठे असं म्हणाले?”

“मग काय म्हणालीस?”

“म्हटलं, मला काय विचारता, इकडचं इकडेच ठाऊक.” आईला हसू फुटलं. “यांच्याबद्दल गं. हे शेजारीच तर बसले होते.”

उपसंपादिकेला क्षणभर अर्थ लागेना. मग लागला. आजी आजोबांचं नाव घेत नसे. ‘इकडे चहा हवाय’, ‘इकडून नको म्हणणं झालं’, असंच बोलायची. आईने नव्या नवलाईत सासूची नक्कल म्हणून ते उचललं, आणि नवऱ्याला चिडवता चिडवता तिच्या तोंडात ते कायमचं बसलं. तरुण वार्ताहराला यातलं काय कळणार? त्याने ‘इकडचं’ तेवढं ऐकलं, बाकीचं मजकूर लांबला म्हणून कापलं असेल. अशी कात्री तिने स्वतः कितीदा चालवली होती. त्याने आईला देश विचारला होता, आईने नवरा सांगितला होता.

ती पुन्हा पडद्याकडे वळली. ‘होय, तसंच म्हणाल्या’ एवढं लिहिलं असतं तर विषय मिटला असता. चौथा कोन शब्दाचा पक्का वाटत होता. आईलाही त्यात वावगं वाटलं नसतं.

तिने लिहिलं: ‘संदर्भ मागे घेते. तो शब्द देशाबद्दल नव्हता.’ मग तळटीप खोडली आणि कप उचलून धुवायला गेली. एवढासा कप धुवायला तिला बराच वेळ लागला.

परत आली तेव्हा चौथ्या कोनाचं उत्तर आलेलं होतं. मग देशच नको, गणितज्ञ होते एवढं तर आपल्या दोघांनाही मान्य आहे. पहिल्या वाक्यातला पलीकडचा देशही त्याने काढून टाकला होता.

तिने ते आईला वाचून दाखवलं.

“गणितज्ञ होते. एवढंच?” आईने विचारलं. “आणि लग्न झालं होतं की नाही, ते कुठाय?”

बाजूच्या चौकटीत ‘जोडीदार’ असा रकाना होता, रिकामा. उपसंपादिकेने समजावून सांगितलं की नाव घालता येईल, पण त्यालाही पुरावा जोडावा लागतो.

आईने सोललेल्या मटाराचं भांडं बाजूला सरकवलं आणि मुलीला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

“पुरावा? मग तू कोण आहेस?”

उपसंपादिकेने रकान्यात आईचं नाव घातलं. संदर्भाची जागा कोरी ठेवून तिने ‘जतन करा’ दाबलं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत असं तिने कधी केलं नव्हतं. मग खुर्ची जरा सरकवून तिने आईला पडद्यासमोर जागा करून दिली, आणि दोघी बघत बसल्या.

नाव तिथेच राहिलं.